सी एक, कंपायलर अनेक

भाचीने परवा लॅपटॉप पुढे केला. "मामू, हा प्रोग्रॅम कॉलेजात चालतो, घरी का चालत नाही?" कॉलेजात टर्बो सी, घरी जीसीसी. पडदा पुसण्याचा जो हुकूम टर्बो सी निमूट पाळतो, तो जीसीसीच्या ओळखीचाच नव्हता.

मी भाषेचा मास्तर. पण बीएडनंतर सुट्टीत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तो निळा पडदा मलाही आठवतो. म्हणून हा इतिहास तिला सांगितला, तोच इथे लिहितो.

१९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली, ती युनिक्सच्या मोठ्या यंत्रांसाठी. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि सीला लहान घरात राहावं लागलं. त्याचा प्रोसेसर आठवणीचे ६४ केबीचे तुकडे पाडून वाचायचा. म्हणून कंपायलर घेताना पहिला सवाल असे: तो लहान मॉडेलचाच प्रोग्रॅम बनवतो की मोठ्याचाही? लहान मॉडेलमध्ये पत्ता दोन बाइटचा, वेग जास्त, जागा कमी. मोठ्यात पत्ता चार बाइटचा, जागा भरपूर, चाल मंद.

सुरुवातीला लॅटिस सीचं नाव होतं. खुद्द मायक्रोसॉफ्ट आधी लॅटिसचाच कंपायलर आपल्या नावाने विकत असे. १९८५ मध्ये तिने स्वतःचा आणला. १९८७ मध्ये बोरलँडचा टर्बो सी आला. लिहिणं, तपासणं, चालवणं एकाच खिडकीत, आणि किंमत शंभर डॉलरच्या आत. मायक्रोसॉफ्टचा पूर्ण कंपायलर त्याच्या कित्येक पट महाग होता. त्याच वर्षी तिलाही स्वस्त क्विक सी काढावा लागला.

रिचर्ड स्टॉलमन यांचा मोफत जीसीसीही १९८७ चाच. पण त्याला ३२ बिटचं यंत्र लागे. म्हणजे कंपायलर फुकट, आणि तो चालवायला यंत्र महाग! साध्या पीसीवाल्याला टर्बोच परवडणारा होता. खिशाने केलेली निवड पुढे सवय झाली, आणि आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत ती सवय अभ्यासक्रमासारखी टिकून राहिली.

१९८९ मध्ये अमेरिकेत सीचं प्रमाण रूप ठरलं. उर्दू आणि मराठी शिकवताना मी रोज हेच पाहतो. घरची दखनी गोड असते, पण दूरच्या माणसाला पत्र प्रमाण भाषेतच लिहावं लागतं. टर्बोचे खास हुकूम ही घरची बोली होती. आम्हाला ती सीच म्हणून शिकवली गेली, खोट तेवढीच.

भाचीने त्या ओळी काढल्या आणि प्रोग्रॅम दोन्हीकडे चालला. मग हळूच म्हणाली, "पण परीक्षेत नाही लिहिल्या तर गुण जातील."

मी म्हणालो, "बेटा, परीक्षेत सर सांगतात तसं लिही. पण वहीत त्या ओळींपुढे खूण कर: ही सी नाही, हा टर्बो आहे. नोकरीला जाशील तेव्हा ती खूण कामाला येईल."