अर्ध्यावर सुटलेल्या शिक्षणाची बाकी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानपट्ट्यात, पोंभुर्ण्याच्या आसपास, धानाची कापणी-मळणी आटोपली की मिरची तोडायला तेलंगणाकडे निघणाऱ्या मजुरांत वर्षाच्या मध्यावर महाविद्यालयाला रामराम ठोकलेला एखादा तरुणही असतो. अशाच एकाचा बाप मी काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या कचेरीत पाहिला. मुलाचा मूळ दाखला परत मिळावा, एवढीच त्याची विनवणी. लिपिकाने 'नो ड्यूज' मागताच त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढले आणि शिष्यवृत्ती जमा झाल्याच्या ओळीवर बोट ठेवले. खालच्याच ओळीत ती रक्कम काढल्याची नोंद होती. "खोलीभाड्यात गेले जी ते," तो म्हणाला.

ज्याच्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्याने उचलला, त्याने ते मध्येच सोडले तर परत काय द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे सरकारी योजनांच्याही आधीचा आहे. 4 जून 1913 रोजी भीमराव आंबेडकर यांनी बडोदे संस्थानाशी करार केला, तो याच प्रश्नाचे एक उत्तर होते. परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि त्याच्या मोबदल्यात दहा वर्षे संस्थानाची चाकरी! शिष्यवृत्ती येथे दान नव्हती. ती पुढे करावयाच्या नोकरीपोटी दिलेली उचल होती. 1917 साली लंडनचा अभ्यास अपुरा टाकून ते बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून राहण्यास घर मिळेना, आणि ज्या पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. चाकरी सुटली, करार मोडला, आणि संस्थानाच्या दप्तरात त्यांच्या नावे बाकी निघाली. कराराच्या कलमात गावाने घर नाकारल्याची तरतूद कोठून असणार?

पुढे तेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, 1944 मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थान सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. जमातींना ती 1948-49 पासून लागू झाली. त्या काळी आमच्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याचे विद्यापीठ नागपूरला होते, आणि रानातल्या मुलाला पदवीपर्यंत पोहोचण्यास बुद्धीपेक्षा खानावळीचे पैसे अधिक आड येत. या योजनेत पुढच्या चाकरीची अट नाही, आणि हा बडोद्याच्या करारापासून झालेला मोठाच पालट म्हटला पाहिजे. येथे हिशेब बराच काळ महिन्यांचा चालत आला. प्रवेश महिन्याच्या 20 तारखेनंतर झाला तर निर्वाह भत्ता पुढल्या महिन्यापासून मोजावयाचा, आणि वार्षिक परीक्षा संपेल त्या महिन्यापर्यंत तो द्यावयाचा, इतके ते बारकाईचे काम होते. परंतु विद्यार्थ्याने वर्षात मध्येच अभ्यास सोडला तर काय, याविषयी नियमाचा हात एकाएकी सैल पडतो: राज्यशासनाच्या मर्जीनुसार तो रक्कम परत करण्यास बांधील ठरतो. किती महिने वर्गात बसला म्हणजे किती पैसा त्याचा झाला, याचे कोष्टक नाही. शेतकऱ्याला दिलेल्या सरकारी कर्जाच्या, म्हणजे तगाईच्या, वसुलीत नापिकीचा विचार होई. या मर्जीत कशाकशाचा विचार व्हावा, हे मात्र नियम सांगत नाही.

अमेरिकेतील कायद्याने येथे निराळी वाट धरली. 1965 च्या उच्च शिक्षण अधिनियमाला 1998 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे तेथे दिवस मोजतात. सत्राचे जितके टक्के दिवस भरले तितके टक्के साहाय्य विद्यार्थ्याने 'कमावले', आणि 60 टक्के सत्र ओलांडले की ते सर्वच त्याचे. न कमावलेल्या रकमेतील आपला वाटा विद्यालयाने स्वतः 45 दिवसांत सरकारास परत करावयाचा असतो. हे गणित कोरडे खरेच, आणि त्यामुळे तेथील विद्यार्थ्याच्या डोक्यावर विद्यालयाचेच देणे बसते अशी तक्रारही आहे. तथापि देणारा, घेणारा आणि मधला शिकवणारा असे तिन्ही पक्ष त्यात ओळखले गेले आहेत. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये शुल्क परतीचा जो तक्ता ठरविला, त्यात प्रवेशाची अखेरची तारीख उलटून 30 दिवस झाले की संस्थेवर काहीच परत देण्याचे बंधन उरत नाही. म्हणजे महाविद्यालय महिन्याभरात मोकळे होते, आणि शिष्यवृत्तीच्या परतफेडीची टांगती तलवार विद्यार्थ्यावर वर्षभर राहते. मला यात न्यायापेक्षा हिशेबनिसाची सोय अधिक दिसते.

त्या दिवशी लिपिक मात्र भला निघाला. त्याने हजेरीपट काढला, मुलाचा प्रवेश 23 तारखेचा असल्याने तो महिना गाळला, पुढचे महिने बोटांवर मोजले आणि परतफेडीतून सूट मिळावी असा अर्ज स्वतःच्याच अक्षरात लिहून बापाचा अंगठा घेतला. बापाने अर्जाची प्रत पासबुकात घडी करून ठेवली आणि पोंभुर्ण्याची गाडी किती वाजता लागते ते विचारले.