सायकल, शिपाई आणि कायदा

रात्रीच्या वेळीं चौकांत बिनदिव्याच्या सायकलीला आडवा हात करणारा शिपाई, आणि "आतांच विझला हो, हात लावून पहा, अजून गरम आहे," असें म्हणत कंदील पुढें करणारा स्वार, हें दृश्य पुण्यासारख्या सायकलींच्या शहरांत कैक वर्षें नित्याचें होतें. दिवा नसणें, म्युनिसिपालिटीचा बिल्ला नसणें आणि 'डबलसीट' जाणें हे तीन गुन्हे कित्येक सभ्य घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं तरुणपणीं केलेले आहेत, व ते सांगतांना त्यांना आज लाजहि वाटत नाहीं. परंतु रस्त्यानें मुकाट्यानें जाणाऱ्या या दोन चाकांवर सरकारचा हात प्रथम कोठें व कशासाठीं पडला, याची हकीकत मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

सायकलीचा आजा म्हणावा असें यंत्र जर्मनींतील मानहाइम शहरीं कार्ल ड्राइस यानें १८१७ सालीं रस्त्यावर आणलें. लांकडाचा सांगाडा, पुढें-मागें दोन चाकें, पायटे नव्हतेच. स्वारानें जमिनीवर पाय मारीत पळावयाचें. त्या काळच्या रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या असल्यामुळें हे हौशी लोक सपाट अशा पाऊलवाटेवर चढत, आणि पायीं चालणारांची त्रेधा उडे. तेव्हां जर्मनी, इंग्लंड व अमेरिका येथील शहरांतून या वाहनाला मनाई झाली. इतकेंच नव्हे, तर आपल्या इकडे कलकत्त्यासहि तशी मनाई करण्यांत आली! यंत्र अजून बाल्यांत होतें. त्याआधींच त्याच्यावर बंदीहुकूम निघाले, आणि थोड्याच वर्षांत तें दिसेनासें झालें.

पुढें १८४२ मध्यें स्कॉटलंडांतील ग्लासगो येथें एक गृहस्थ आपल्या चमत्कारिक यंत्रावर बसून सुमारें चाळीस मैलांवरून आला, फरसबंद पाऊलवाटेवर चढला व त्याच्या धक्क्यानें एक मूल पडलें. मुलास विशेष इजा झाली नव्हती. मॅजिस्ट्रेटनें पांच शिलिंग दंड केला. हा गृहस्थ म्हणजे पायट्याच्या सायकलीचा जनक मानला जाणारा लोहार कर्कपॅट्रिक मॅक्मिलन, असें पुष्कळांचें मत आहे. वर्तमानपत्रांत मात्र नांव नाहीं, आणि त्या काळीं लोहाराला कोणी 'जंटलमन' म्हटलें असतें कीं काय, ही शंका रास्तच आहे. कसेंहि असो, सायकलीच्या जन्मकथेंतील एक महत्त्वाचा पुरावा विद्वानांना पोलीस कोर्टाच्या बातमींत शोधावा लागतो.

१८७० नंतर पुढचें चाक पुरुषभर उंचीचें अशा सायकली इंग्लंडांत धांवूं लागल्या, तेव्हां खरा कायदेशीर पेंच उभा राहिला. रस्त्यांसंबंधीं मुख्य कायदा होता १८३५ सालचा. 'गाडी' बेफाम हांकणारास त्यांत शिक्षा सांगितलेली होती. पण तो कायदा झाला तेव्हां सायकल कोठें होती? मग सायकल ही गाडी कीं नव्हे? हा प्रश्न १८७९ सालीं 'टेलर विरुद्ध गुडविन' या खटल्यांत वरिष्ठ न्यायासनापुढें आला. न्यायमूर्तींनीं निर्णय दिला कीं, माणसाला वाहून नेतें तें वाहन. सबब सायकल ही गाडीच होय, आणि स्वाराची शिक्षा योग्य आहे. (मराठी माणसानें 'पायगाडी' हा शब्द बनवून हा प्रश्न वकिलावांचून सोडविला, ही गोष्ट निराळी!) गंमत अशी कीं, पुढच्याच वर्षीं 'विल्यम्स विरुद्ध एलिस' या खटल्यांत तेंच न्यायासन टोलच्या बाबतींत उलट बोललें. एका जुन्या टोलनाक्याच्या कायद्यांतील 'गाडी' या शब्दांत सायकल येत नाहीं, म्हणून तिच्यावर टोल नाहीं. म्हणजे शिक्षेपुरती ती गाडी, आणि पैशापुरती नव्हे.

१८७८ च्या एका कायद्यानें सायकलींबद्दल पोटनियम करण्याचा अधिकार निरनिराळ्या परगण्यांच्या अधिकाऱ्यांना मिळाला होता. हद्द ओलांडली कीं नियम बदलत. हा घोळ १८८८ सालीं मिटला. त्या वर्षींच्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यांत एक कलम घालून हे पोटनियम रद्द करण्यांत आले, व सायकल ही गाडी आहे असें स्पष्ट जाहीर झालें. सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वीं एका तासापर्यंत दिवा हवा. दुसऱ्यास मागें टाकून जातांना घंटा किंवा शिटी वाजविली पाहिजे. न केल्यास चाळीस शिलिंगपर्यंत दंड. वरवर पाहतां हें दंडाचें कलम, पण सायकलस्वारांच्या दृष्टीनें तीच त्यांची सनद ठरली. कारण जिला गाडीचीं बंधनें लागूं झालीं तिला गाडीचा रस्ताहि मिळाला. यापुढें कोणा घोडेवाल्याला तिला हुसकून लावतां येईना.

अमेरिकेंत न्यूयॉर्क शहराची तऱ्हा वेगळी. तेथें १८९५ सालीं थिओडोर रूझवेल्ट, जे पुढें राष्ट्राध्यक्ष झाले, ते पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. भरधाव सायकलस्वारांना धरावयाचें तर पायीं शिपाई धांवून पुरा पडेना. म्हणून त्यांनीं शिपायांनाच सायकली दिल्या. हे शिपाई उधळलेले घोडेहि आवरीत. आणि १८९९ च्या मे महिन्यांत अशाच एका सायकलवाल्या शिपायानें विजेवर चालणारी टॅक्सी बारा मैलांच्या वेगानें नेणाऱ्या चालकास पाठलाग करून पकडलें. मर्यादा आठ मैलांची होती.

मोटारी वाढल्या तसें सारें पारडें फिरलें. एके काळीं रस्त्यावरचा दांडगा ठरलेला सायकलस्वार आतां चिरडला जाऊं लागला. ब्रिटनमध्यें १९३४ या एका वर्षांत रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. त्या सुमारास तेथें सर्वांत कडाक्याचा वाद माजला तो सायकलीच्या मागच्या दिव्याचा. १९२७ च्या कायद्यानें मागें तांबडा दिवा अगर प्रकाश परतविणारी तांबडी कांच, यांपैकीं एक सक्तीचें झालें होतें. मोटारवाल्यांना दिवाच हवा होता. सायकलस्वारांच्या संघानें त्यास कसून विरोध केला. ज्याला पुढें जावयाचें आहे त्यानें आपल्या पुढें पाहून हांकावें, हा रस्त्याचा जुना धर्म. मागचा दिवा सक्तीचा केला कीं ती जबाबदारी मागच्यावरून पुढच्यावर येते. आणि तो दिवा तर स्वाराला स्वतःला दिसतहि नाहीं. वाऱ्यानें तो विझला व मागून मोटारीनें उडविलें, तर कोर्टांत अपराधी कोण? मेलेला मनुष्य! हा युक्तिवाद बिनतोड होता यांत संशय नाहीं. पण काळोख्या रस्त्यावर युक्तिवाद कोणाला दिसत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. शेवटीं निकाल लावला तो महायुद्धानें. १९३९ सालीं शहरें अंधारांत बुडाली तेव्हां मागचा दिवा सक्तीचा झाला, आणि १९४५ च्या कायद्यानें ती सक्ती कायम झाली.

सायकलींसाठीं निराळा मार्ग १९३४ च्या डिसेंबरांत लंडनच्या वेस्टर्न अॅव्हेन्यूवर खुला झाला, तेव्हांहि या लोकांना आनंद होण्याऐवजीं भीतीच वाटली. आज सोय म्हणून दिलेला मार्ग उद्यां सक्तीचा होईल, आणि १८८८ सालीं मिळालेला रस्ता हातचा जाईल, अशी ती भीति होती. त्याच वर्षीं जर्मनींत सायकलमार्ग असेल तेथें तोच वापरण्याची सक्ती झाली होती, तेव्हां ती अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं.

आपल्याकडे सायकल मोटार-वाहनांच्या कायद्यांत येत नाहीं. तिच्यावर पोलिसांचा अधिकार चालतो तो मुख्यतः रहदारीचे नियम करण्याच्या त्यांच्या अधिकारांतून. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचें ३३ वें कलम याच प्रकारचें आहे. या अधिकाराची धांव किती, तें पुनः कलकत्त्यासच दिसून आलें. तेथील पोलिसांनीं २०१३ सालीं १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली. कारण, त्यांच्यामुळें मोटारींची गति मंदावते. पहिल्या मनाईच्या वेळीं ड्राइसच्या यंत्रावर बसणारे हौशी होते. या वेळीं दंड भरणारांत दूधवाले व वर्तमानपत्रें टाकणारे होते. पुढें रस्त्यांची संख्या कमी करण्यांत आली. २०२० सालच्या साथींत प्रवासाच्या गाड्या अपुऱ्या पडल्या आणि लोकांना कामावर जाण्यास दुसरें साधन उरलें नाहीं, तेव्हां त्याच पोलिसांनीं लहान रस्त्यांवरून सायकलींना वाट करून दिली.