पोपट, पाडस, पामेरियन : मुलांच्या घरात कोणता प्राणी?

आयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘लहान मुलं असलेल्या घरात कोणता प्राणी पाळावा?’ मी म्हटलं, अहो, मी इतिहासाचा माणूस, प्राण्यांचा डॉक्टर नाही. ते म्हणाले, डॉक्टर पुढच्या महिन्यात बोलावलेत, तुम्ही आधीचं सांगा. तर आज मी आधीचं सांगणार आहे. अधूनमधून सल्लाही देईन, तो फुकट आहे असं समजून ऐकावा.

आपण पुनावळ्यात बसलो आहोत. 1997 साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्याआधी पवनेच्या काठचं शेतीचं गाव. इथल्या जुन्या घरातल्या आजीला विचारा, ‘तुमच्या लहानपणी तुम्ही कोणता प्राणी निवडला?’ त्यांना प्रश्नच कळणार नाही. निवडायचं काय त्यात? गोठ्यात बैल होते म्हणून शेत होतं. कणगीत धान्य होतं, धान्याला उंदीर होते, म्हणून मांजर होतं. कुत्रं राखणीला होतं, आणि तेही बहुतेक वेळा स्वतःच येऊन दारात बसलेलं. म्हणजे घराने प्राणी निवडला असं नाही, कामाने निवडला. पोरं त्यांच्यात वाढली, इतकंच. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये मोरी गाईचं एक प्रकरण आहे. आज आपण जिला ‘पेट’ म्हणतो तशी ती नव्हे, ती घरातली माणूसच आहे.

ही सोबत किती जुनी? अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे 1974 साली चार जड ब्राँझच्या वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. बरेच पुरातत्त्वज्ञ त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांमागे नेतात. काळाबद्दल वाद आहे, तो असू द्या. मला त्यातला रथ बघा असं सांगायचं आहे. रथात एक माणूस उभा आहे, पुढे बैल जुंपलेत, आणि दांड्यावर, माणसाच्या पुढ्यात, एक कुत्रं उभं आहे. तिथे कुत्र्याचं काहीही काम नाही. ज्याने ते ओतलं त्याला ते गाडीत हवं होतं, बस. आजही मोटारसायकलच्या टाकीवर कुत्रं बसवून जाणारा माणूस आपल्याला दिसतो ना, तोच हा.

आता हौशीकडे येऊ. कामाशिवाय प्राणी पाळणं ही आधी राजेरजवाड्यांची गोष्ट. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या कुत्रा प्रसिद्ध आहे. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी संगम माहुलीला त्याची समाधी आहे, जाऊन पाहता येते. रायगडावरच्या वाघ्याचं तसं नाही. तिथलं स्मारक विसाव्या शतकातलं, 1936 चं, आणि शिवकाळातला समकालीन कागद त्याच्या बाजूने दाखवता येत नाही. तो वाद आज उघडत नाही, नाहीतर रात्र इथेच होईल.

पण मुलाच्या घरातला प्राणी म्हटलं की मला सवाई माधवराव आठवतो. जन्म 1774 चा. जन्माआधीच बापाचा खून झालेला, महिना-सव्वा महिन्याचा असताना पेशवाईची वस्त्रं, आणि तीन वर्षांचा असताना आई गंगाबाई गेली. आजूबाजूला सगळे कारभारी. या मुलाला जनावरांचा नाद होता. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना होता. नावात शिकार असली तरी ते प्राणिसंग्रहालयच. तिथे सिंह होते, गेंडा होता, हरणं होती. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने 1790 मध्ये त्या गेंड्याचं चित्र काढलं. इंग्रज वकील मॅलेट याच्या पदरी तो काम करत असे. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंडा उभा आहे, कातडीच्या घड्या एकेक मोजाव्यात अशा. 1795 मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून हा पेशवा गेला, वय 21. त्याच्या एकाकीपणाला गेंडा पुरला नाही, हे माझं मत. कागदात तसं लिहिलेलं नाही. पण आजही काही आईबाप ‘एकुलता एक आहे, कंटाळतो’ म्हणून कुत्रं आणतात, तेव्हा मला हा मुलगा आठवतो. कुत्रं सोबत करतं, आईबापांची पाळी ते करत नाही.

सामान्य घरात हौस शिरली ती पिंजऱ्यातून. राघू, मैना. चाळीत, वाड्यात, ओसरीवर टांगलेला पिंजरा आणि त्यात मिरची खाणारा पोपट. इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या लोकांच्या घरी तो असेल. काहींनी हरणाचं पाडस किंवा ससाही पाहिला असेल. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हे हळूहळू गुन्ह्यात गेलं. 1990-91 पासून आपल्याकडच्या पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. आपला हिरवा पोपट, मुनिया, चांदण्यांचं कासव, मुंगूस हे घरात ठेवणं आज बेकायदा आहे, दंड आणि कैद दोन्ही होऊ शकते. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळतात ते बहुतेक बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने 1840 मध्ये ते इंग्लंडला नेले आणि तिथून जगभर पिंजरे भरले. म्हणजे आजीचा पोपट गेला, नातवाकडे ऑस्ट्रेलियाचा आला.

आणि कुत्रं. इथे भीतीचा इतिहास सांगायलाच हवा, कारण मुलांचा प्रश्न म्हणजे शेवटी चाव्याचा प्रश्न. मुंबईत 1832 च्या जून महिन्यात सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारणं चाललं होतं, त्यावरून पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. म्हणजे ‘कुत्री मारा’ आणि ‘कुत्री वाचवा’ हे भांडण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा बरंच जुनं आहे. 1885 मध्ये पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस दिली. पहिला रुग्ण मूलच, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे मग सेंपल याने 1911 मध्ये कसौलीला लस तयार केली, ती मेंढीच्या मेंदूपासून. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही आपल्या पिढीची दहशत तिची. 2004 च्या अखेरीपर्यंत ती आपल्याकडे बनत होती. आता लस दंडात घेतात, चार-पाच वेळा. तरीही जागतिक आरोग्य संघटना सांगते की संशयित पिसाळलेल्या जनावराने चावलेल्यांत 40 टक्के पंधराखालची मुलं असतात. मूल रागावतील म्हणून घरी सांगत नाही, हे त्यात सगळ्यात वाईट. म्हणून प्राणी आणायच्या आधी पोराला एक वाक्य शिकवा, ‘चावलं, ओरखडलं, तर लगेच सांग, कोणी ओरडणार नाही.’ जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा.

मग जात निवडण्याचा शौक कधीचा? मुधोळच्या घोरपडे राजांनी शिकारी कुत्री जोपासली, आज 2005 च्या टपाल तिकिटावर मुधोळ हाउंड आहे. पण पळायला रान लागतं त्याला, दोन बीएचकेत ते बिचारं वेडं होईल. शहरी मध्यमवर्गात पामेरियन आला. आपण पामेरियन म्हणतो तो बहुतेकदा भारतीय स्पिट्झ. 1994 मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आला आणि घरोघरी टफी झाले. 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत छोट्या मुलामागे चालणारा पग दिसला, आणि पोरांनी हट्ट धरला. पगाचं नाक चपटं, उन्हाळ्यात त्याला श्वास पुरत नाही. आपला एप्रिल-मे त्याने कसा काढायचा? त्या मुलांची निवड जाहिरातीने केली होती, त्यांनी नव्हे.

माझं मत विचाराल तर गावठी कुत्रं घ्या. या हवेला तयार झालेलं, खाण्याचे नखरे नाहीत. पिल्लूच हवं असंही नाही. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर शांत स्वभावाचं मोठं कुत्रं पिल्लापेक्षा बरं पडतं. दोघंही हिंजवडीला नोकरीला, दहा-अकरा तास दार बंद, असं असेल तर कुत्रं नको. मांजर बघा, किंवा दोन वर्षं थांबा. आणि लस, नसबंदी, महापालिकेचा परवाना हे आधी.

शेवटी एक गोष्ट. मघाशी इथे येताना लिफ्टमध्ये एका सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘काका, खार पाळता येते का?’ मी म्हटलं, पिंजऱ्यात नाही, खिडकीत दाणे ठेवले तर ती येते. ती म्हणाली, ‘मग तिचं नाव मी ठेवू शकते ना?’ ठेव म्हटलं. चला, आता प्रश्न घेऊ.