बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं

5 नोव्हेंबर 2015. ब्रुमाजिन्योचं धरण फुटण्याच्या 3 वर्षं, 2 महिने, 20 दिवस आधी.
ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात मारियाना शहराजवळचं फुंदाओ धरण दुपारी फुटलं. ते पाण्याचं धरण नव्हतं. लोहखनिज धुऊन उरलेला गाळ त्यात साठवलेला होता. 19 माणसं गेली. बेंतो रॉड्रिग्ज हे गाव गाळाखाली गेलं आणि तो गाळ दोसे नदीतून थेट अटलांटिक महासागराला मिळाला. खाण सामार्को कंपनीची होती. सामार्कोत निम्मी मालकी बीएचपी बिलिटनची आणि निम्मी व्हालेची.

मे 2017.
व्हालेची सूत्रं नव्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती आली. मारियाना पुन्हा घडू देणार नाही, हे त्यांनी कंपनीचं ब्रीद म्हणून जाहीर केलं. त्या काळात कंपनीचे शाश्वत विकास अहवाल नेमाने निघत होते. आपली 100 टक्के धरणं स्थिर असल्याचं प्रमाणित झालं आहे, असा दिलासा त्यांत होता. याच विधानांवरून अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने 2022 मध्ये कंपनीवर गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचा दावा दाखल केला. पुढच्या वर्षी कंपनीने 5 कोटी 59 लाख डॉलर भरून तो मिटवला.

तेव्हा व्हालेचं ते धरण असं होतं.
ब्रुमाजिन्यो नगरपालिकेच्या हद्दीतली कोर्रेगो दो फेइजाओ खाण. धरणाचं नाव बी-1. बांधकाम 1976 मध्ये सुरू झालं आणि 2001 पासून ते व्हालेकडे आलं. उंची 86 मीटर, माथ्याची लांबी 720 मीटर, आत सुमारे 1 कोटी 20 लाख घनमीटर गाळ. 2016 च्या मध्यापासून नवा गाळ टाकणं बंद होतं.

बांधणीची पद्धत स्वस्तातली होती. आधी साचलेल्या गाळावरच पुढचा बांध चढवायचा, तो भरला की त्याच्या आतल्या अंगाला आणखी एक. म्हणजे वरच्या बांधांचा पाया गाळाचाच. गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हा लाल गाळ ओळखीचा आहे, पावसाळ्यात तो त्यांच्या शेतांत उतरतो. कोरडा असताना तो दगडासारखा वाटतो. पण पाण्याने भरलेला असा गाळ एका मर्यादेपलीकडे ताणला गेला, तर त्याची ताकद क्षणात जाते आणि तो द्रवासारखा वाहू लागतो. बी-1 मधल्या गाळात लोहाचं प्रमाण मोठं होतं, पाणी आत वरपर्यंत चढलेलं होतं आणि ते बाहेर काढणारी पुरेशी व्यवस्था नव्हती.

2017 चा शेवट, 2018 ची सुरुवात.
धरण किती भार पेलू शकतं आणि त्यावर प्रत्यक्षात किती भार आहे, या गुणोत्तराला सुरक्षा गुणांक म्हणतात. व्हालेनेच बोलावलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अशा धरणांसाठी किमान 1.3 सुचवला होता. एका सल्लागार कंपनीच्या हिशेबात बी-1 चा गुणांक 1.06 आला. त्या आकड्यावर ती स्थिरतेचा दाखला द्यायला तयार नव्हती. काम ट्यूव्ह झ्यूड या जर्मन कंपनीच्या ब्राझीलमधल्या शाखेकडे गेलं. तिचा आकडा 1.09 आला. तिने पुरेसा मानलेला आकडा होता 1.05.

एप्रिल 2018.
आपत्कालीन आराखडा तयार झाला. धरण फुटलं तर गाळ कुठवर जाईल, याचा नकाशा त्यात होता. खाणीचं कार्यालय आणि कामगारांचं कॅन्टीन दोन्ही त्या वाटेवर होती.

इथे थांबायला हवं. धरणाच्या पोटातलं पाणी काढणं अवघड काम आहे, त्यात तज्ज्ञांचेही मतभेद होतात. कॅन्टीन हलवायला असलं कुठलंच ज्ञान लागत नाही. जागा, पैसे आणि एक सही पुरते. पुढचे नऊ महिने खाणीत रोज दुपारी शेकडो माणसं त्याच जागी जेवत राहिली.

11 जून 2018. 228 दिवस आधी.
आतलं पाणी उतरावं म्हणून धरणाच्या पायथ्याच्या बाजूने आडव्या निचरा-नळ्या बसवल्या जात होत्या. पंधराव्या नळीसाठी छिद्र पाडताना पाण्याच्या दाबाने आतला गाळ चिरला आणि धरणाच्या अंगावर गळती दिसली. गळती आटोक्यात आली. आडव्या नळ्यांचं काम थांबवलं गेलं. पाणी आतच राहिलं.

त्याच महिन्यात ट्यूव्ह झ्यूडने धरण स्थिर असल्याचा दाखला दिला. गावकऱ्यांना गोळा करून स्थलांतराचा सरावही त्याच महिन्यात झाला. भोंगा वाजला की कुठल्या वाटेने निघायचं, हे त्यांना सांगितलं गेलं.

सप्टेंबर 2018.
दुसरा दाखला. धरण स्थिर.

ऑक्टोबर 2018.
कंपनीच्या अंतर्गत कागदात दहा धरणं ‘लक्ष देण्याच्या’ यादीत होती. त्यांत बी-1. फुटलं तर किती किंमत मोजावी लागेल, याचाही हिशेब केलेला होता: दीड अब्ज डॉलर आणि शंभरावर माणसं.

11 डिसेंबर 2018. 45 दिवस आधी.
राज्याच्या पर्यावरण परिषदेच्या खाण समितीपुढे फेइजाओ आणि शेजारच्या जंगादा खाणीच्या विस्ताराचा प्रस्ताव आला. नागरी संघटनांच्या प्रतिनिधीने विरोधात मत दिलं. केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या प्रतिनिधीने मत दिलं नाही. वस्त्यांच्या डोक्यावर असलेल्या या धरणांचा धोका शून्य नाही आणि देखरेख करणाऱ्याचा थोडा हलगर्जीपणाही ती फुटायला पुरेल, असं त्यांनी बैठकीत बोलून दाखवलं. प्रस्ताव मंजूर झाला.

वर्षाच्या अखेरीला त्या भागात जोरदार पाऊस पडला.

10 जानेवारी 2019. 15 दिवस आधी.
धरणातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या स्वयंचलित पिएझोमीटरांपैकी काहींच्या नोंदी विसंगत आल्या.

22 जानेवारी. 3 दिवस आधी.
नियमित पाहणी. धोक्याची नोंद नाही.

23 आणि 24 जानेवारी.
व्हाले आणि ट्यूव्ह झ्यूड यांच्यात त्या विसंगत नोंदींबद्दल ईमेल गेले, आले. नोंद चुकली की उपकरण बिघडलं, याचा शोध चालू होता. खाण चालू होती.

25 जानेवारी, शुक्रवार, सकाळ.
धरणावर एक तुकडी खोल भोक पाडत होती. नमुने घ्यायचे होते, नवी उपकरणं बसवायची होती. कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने नंतर या भोकाला दोष दिला नाही. हळूहळू वाढत गेलेला ताण आणि पावसाने कमी झालेली गाळाची ताकद, असं कारण त्यांनी दिलं. बार्सिलोनातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास मात्र त्या भोकाकडेच बोट दाखवतो. काठावर असलेल्या धरणावर माणसं यंत्र घेऊन चढली होती, यावर दोघांचंही दुमत नाही.

दुपारी 12 नंतर.
जेवणाची वेळ. कॅन्टीन भरलं.

12:28.
देखरेखीच्या कॅमेऱ्यात दिसतं: माथा खाली बसतो, खालचा भाग फुगतो आणि धरणाचा जवळजवळ सगळा दर्शनी भाग एकदम सरकतो. याला 10 सेकंदही लागले नाहीत.

भोंगा वाजला नाही. गाळाच्या वेगाने भोंग्याची यंत्रणाच गिळली, असं कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं.

12:33 च्या आत.
97 लाख घनमीटर गाळ, म्हणजे साठ्याचा बहुतांश भाग, धरणाबाहेर. कॅन्टीन, कार्यालय, माल चढवण्याचं ठिकाण आणि उभ्या रेल्वेगाड्या त्याखाली गेल्या. पुढे रेल्वेपूल, एक पर्यटक निवास, घरं, शेतं.

15:50.
गाळ पाराओपेबा नदीत उतरला.

मृतांची संख्या 270 वर गेली. बहुतेक जण खाणीत काम करणारे होते, व्हालेचे किंवा तिच्या कंत्राटदारांचे. दोन स्त्रिया गरोदर होत्या, म्हणून घरची माणसं 272 म्हणतात. अग्निशमन दलाने कित्येक वर्षं गाळ उपसून अवशेष शोधले.

27 जानेवारी, पहाटे 5:30.
शेजारच्या बी-6 धरणातली पाण्याची पातळी वाढल्याचं दिसलं. या वेळी भोंगा वाजला. सुमारे 24,000 लोकांना उंचावर जायला सांगण्यात आलं, शोधकार्य थांबलं. दुपारी इशारा मागे घेतला गेला. ते धरण टिकलं.