क्लेरिकल : कारकून आणि धर्मगुरू
कारकून आणि ख्रिस्ती धर्मगुरू, दोघांनाही लागू पडणारे इंग्रजी विशेषण. ‘क्लेरिकल मिस्टेक’ म्हणजे नोंद उतरवताना राहिलेली चूक. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम 152 नुसार निकालपत्रातली अशी चूक न्यायालयाला केव्हाही सुधारता येते. ‘क्लेरिकल कॉलर’ मात्र पाद्र्याच्या गळ्याभोवतीची पांढरी पट्टी.

मूळ ग्रीक शब्द ‘क्लेरोस’. चिठ्ठ्या टाकून वाट्याला आलेला हिस्सा, वारसा, असा त्याचा अर्थ. धर्मसेवा करणाऱ्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा नाही, परमेश्वर हेच त्यांचे वतन, असे बायबलचा जुना करार सांगतो. धर्मसेवकाला लॅटिनमध्ये ‘क्लेरिकुस’ का म्हणतात, याचा उलगडा संत जेरोमने याच कल्पनेवरून केला.

मध्ययुगीन युरोपात लेखणी मुख्यतः चर्चच्या माणसांच्या हाती होती. राजाची फर्माने आणि हिशेब तेच लिहीत. साहजिकच लिहिता-वाचता येणारा तो ‘क्लार्क’, असा अर्थ रुळला. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधला क्लार्क तर ऑक्सफर्डचा विद्यार्थी आहे, हाती येणारा पैसा तो पुस्तकांवर घालवतो.

या समीकरणाने खरोखर जीव वाचवले. इंग्लंडमध्ये धर्मगुरूंना राजाच्या न्यायालयातील शिक्षेपासून सवलत होती आणि पुढे साक्षरता हाच धर्मगुरू असल्याचा पुरावा मानला गेला. आरोपीपुढे बहुधा 51 व्या स्तोत्राचा आरंभ ठेवत; ज्याला वाचता येई तो फाशीतून वाचे. निरक्षराला मात्र त्याच गुन्ह्यासाठी फास. हा अन्याय शतकानुशतके चालला. सामान्य माणसाला ही सवलत एकदाच मिळावी, म्हणून 1489 पासून अंगठ्यावर डाग देऊ लागले. नाटककार बेन जॉन्सनने 1598 मध्ये द्वंद्वात गॅब्रिएल स्पेन्सर या नटाला मारले आणि तो याच सवलतीने, अंगठ्यावर डाग घेऊन सुटला. वाचनाची अट 1706 मध्ये गेली, सवलत 1827 मध्ये.

साक्षरता चर्चबाहेर पसरली तशी शब्दांची वाटणी झाली : धर्मगुरूसाठी ‘क्लेरिक’, कचेरीसाठी ‘क्लार्क’. जुना अर्थ पुरता पुसलेला नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूचे कायदेशीर वर्णन आजही ‘क्लार्क इन होली ऑर्डर्स’ असेच आहे. अमेरिकेत दुकानातला विक्रेताही क्लार्कच. उच्चार तेवढा ‘क्लर्क’.

मराठीत ही सरमिसळ नाही. ‘कारकून’ फारसीतून आला, ‘पाद्री’ पोर्तुगीजांकडून आणि ‘क्लार्क’ थेट इंग्रजी अमदानीच्या कचेरीतून. महाराष्ट्र शासनाच्या जाहिरातींत त्याच पदाला ‘लिपिक’ म्हणतात.