मावशीची पावलं

परवा बऱ्याच वर्षांनी शिवनेरी चढलो. सात दरवाजे मोजता मोजता दम लागला, आणि का कोण जाणे, मावशी आठवली.

मावशीचं माहेर जुन्नर, सासर घोडेगाव. पस्तिशीत तिला एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, दीड महिन्यात आपोआप बरंही झालं. पुढच्या वर्षी पाय बधिर झाले. कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं बाहेरचं. १९९७ साली पुण्यात एमआरआय झाला, तेव्हा कुठे नाव कळलं : मल्टिपल स्क्लेरोसिस. मावशीने एकच विचारलं, "अजून किती वर्षं चालेन?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

तेव्हापासून या आजाराचा इतिहास मिळेल तसा वाचत आलोय. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली त्याचं नीट वर्णन केलं. हा थंड देशातल्या गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे जवळजवळ नाहीच, असा समज पुढे बरीच वर्षं होता. मुंबईच्या डॉ. सिंघल आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७५ साली मुंबई भागातल्या रुग्णांवर सविस्तर निबंध लिहिला. १९८५ साली मुंबईतच रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी सुरू झाली. पण घोडेगावात हे कुणाला ठाऊक असणार?

या आजारात आपल्याच पांढऱ्या पेशी मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात, जसं उंदराने वायरवरचं प्लास्टिक कुरतडावं. पण मेंदूभोवती तर किल्ल्यासारखी तटबंदी असते. मग या पेशी आत शिरतात कशा?

याचा एक धागा सापडतो चक्क बेडकाच्या पिल्लात! आपल्याकडे पावसाळ्यात भातखाचरात ती वळवळताना तुम्ही पाहिली असतील. मोठं होताना त्यांची शेपूट जाते कुठे? १९६२ साली अमेरिकेत ग्रॉस आणि लापिएर यांनी शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवले, तर भोवतालचं कोलॅजेन विरघळून गेलं. ते विरघळवणारं एन्झाइम त्यांच्या हाती लागलं. त्याच घराण्यातलं एक एन्झाइम, एमएमपी-९, आपल्या पांढऱ्या पेशी बनवतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर ते विरघळवतं आणि पेशींना वाट मिळते. पहारेकऱ्यांनीच दरवाजा तोडायचा... कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय?

१९९२ साली बेल्जियममधल्या संशोधकांना रुग्णांच्या पाठीच्या पाण्यात हे एन्झाइम सापडलं. १९९९ साली आणखी पुढचं दिसलं : रक्तात ते वाढलं, की एमआरआयमध्ये नवे डाग दिसण्याचा संभव वाढतो. वाटलं, मावशीच्या प्रश्नाचं उत्तर आलं! पण तसं झालं नाही. जंतुसंसर्ग झाला, दुसरी कसली सूज आली, तरी हे एन्झाइम वाढतंच. शिवाय जखम भरायलाही तेच लागतं. त्यामुळे आज पेठेत पहारा कडक आहे एवढंच ते सांगतं, उद्या गड राहील की पडेल हे सांगत नाही. अलीकडे तुटलेल्या मज्जातंतूंतून रक्तात उतरणारं न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन मोजतात. ते जास्त भरवशाचं वाटतं, पण एकट्या माणसाचं भविष्य त्यालाही नेमकं वर्तवता येत नाही.

मावशीने मात्र स्वतःची तपासणी शोधली होती. दारापासून पारापर्यंत किती पावलं, ती न थांबता गेली का, हे ती रोज कालनिर्णयवर लिहायची. पुढे वाचताना कळलं, की डॉ. कर्ट्झकी यांचं १९८३ सालचं मोजमाप जगभर वापरतात, आणि त्यातही आधाराशिवाय, न थांबता किती अंतर चालता येतं हेच मोठं माप आहे. म्हणजे सातवी शिकलेली मावशी बरोबर मोजत होती!

ती २०११ साली गेली. शेवटची काही वर्षं खुर्चीतच होती. ती कॅलेंडरं माझ्याकडे आहेत. काही चौकोनांत आकडा नाही, नुसतं "आज नाही" लिहिलंय. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आकडा.

असो. गडावरून उतरताना मीही पायऱ्या मोजल्या. मध्येच चुकलो.