पैसे कोर्टात भरा, व्याज थांबवा
देणे कबूल आहे, पण आकडा मान्य नाही, अशा उधारी-उसनवारीच्या दाव्यांत नांदेड-लातूरच्या पक्षकारांना दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चा आदेश २४ उपयोगी पडतो. कर्जाच्या किंवा नुकसानभरपाईच्या दाव्यात प्रतिवादी आपल्या हिशेबाने होणारी रक्कम कोणत्याही टप्प्यावर कोर्टात भरू शकतो. वादीला नोटीस मिळाली की तेवढ्या रकमेवरचे व्याज थांबते.

समजा, १ लाखाच्या दाव्यात ८० हजार भरले. वादीने ते उचलून बाकीच्या २० हजारांसाठी दावा चालवला आणि देणे ८० हजारच ठरले, तर रक्कम भरल्यानंतरचा दाव्याचा खर्च वादीवर बसतो. नुसते तोंडी ‘घ्या अन् मिटवा’ म्हटल्याने हा फायदा मिळत नाही. जमीन-वाटणीच्या दाव्यांत मात्र लोकअदालतीतली तडजोड हा मार्ग आहे. तिथे कोर्ट फी परत मिळते.